चाकांवरचे घर आणि परतीचे दार : अमेरिकन प्रस्तरारोहकांच्या भटकंतीविषयक कथनांची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकन साहित्यात रस्त्याला मुक्तीचा मार्ग म्हणून फार मोठे स्थान आहे. जॉन स्टाईनबेक यांनी 'रोसिनान्ते' असे नाव दिलेल्या, मागे राहण्याची सोय असलेल्या गाडीतून १९६० मध्ये देशभर प्रवास केला आणि त्यावर आधारित 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी जॅक केरुअॅक यांच्या 'द धर्मा बम्स' (१९५८) या कादंबरीने भटकंती आणि गिर्यारोहण यांची सांगड घातली होती. या परंपरेची एक शाखा प्रस्तरारोहकांच्या आत्मकथनांत आणि त्यांच्यावरील चित्रपटांत वाढलेली दिसते. जुन्या गाडीत संसार थाटायचा, एका कड्याकडून दुसऱ्या कड्याकडे जायचे, कमीत कमी खर्चात जगायचे आणि उरलेला सारा वेळ आरोहणाला द्यायचा, असा हा जीवनक्रम आहे.

गाडीत राहणे ही कृती मात्र एकच असूनही तिचे अर्थ भिन्न होतात. एका कथनात ती स्वातंत्र्याची खूण ठरते, दुसऱ्या कथनात दारिद्र्याची. हा भेद गाडीच्या रचनेतून किंवा राहणाऱ्याच्या मनोवृत्तीतून उद्भवत नाही. राहणाऱ्याच्या मागे परतीचे दार उघडे आहे की नाही, यावर तो अवलंबून असतो. हे दार कथनात दाखवले जाते की झाकले जाते, यावरून त्या कथनाची वाङ्मयीन प्रामाणिकता तपासता येते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात इव्हॉन शुईनार्ड यांचे 'लेट माय पीपल गो सर्फिंग' (२००५), स्टेफ डेव्हिस यांचे 'हाय इन्फॅच्युएशन' (२००७), अॅलेक्स हॉनोल्ड यांनी डेव्हिड रॉबर्ट्स यांच्यासह लिहिलेले 'अलोन ऑन द वॉल' (२०१५) आणि 'फ्री सोलो' (२०१८) हा माहितीपट यांचा विचार केला आहे. तुलनेसाठी जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' (२०१७) घेतले आहे.

१. 'डर्टबॅग' : संज्ञा आणि ऋतुचक्र

आरोहणासाठी नोकरी, घर व स्थैर्य यांचा स्वेच्छेने त्याग करणाऱ्यास अमेरिकन प्रस्तरारोहक 'डर्टबॅग' म्हणतात. मुळात हा शब्द शिवीसारखा. आरोहकांनी तो अभिमानाने स्वतःला लावून घेतला. या जीवनपद्धतीचे आद्यपीठ म्हणजे कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोरे आणि तेथील 'कॅम्प ४' हा तळ. सुमारे ९०० मीटर उंचीचा एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा याच खोऱ्यात उभा आहे.

या भटकंतीला एक निश्चित वेळापत्रक आहे, ही गोष्ट रम्य वर्णनांच्या भरात नजरेआड होते. उन्हाने तापलेल्या कातळावर हाताला घाम सुटतो आणि पकड निसटते. थंड व कोरड्या हवेत बोटे आणि बुटांचे रबरी तळवे कातळाला अधिक चांगले धरतात. म्हणून हिवाळ्यात जोशुआ ट्री किंवा टेक्सासमधील ह्यूको टँक्स, वसंत व शरद ऋतूंत योसेमिटी किंवा युटामधील इंडियन क्रीक आणि उन्हाळ्यात योसेमिटीच्याच उंच भागातील टुओलमी मेडोज किंवा कॅनडातील स्क्वामिश, असे वर्षाचे चक्र ठरून जाते. वालुकाश्म पावसात भिजला की ठिसूळ होतो. तो पुरता वाळेपर्यंत आरोहकाला थांबावे लागते, आणि अशा थांबण्याचा हिशेब रजेच्या अर्जात बसवता येत नाही. अशा वेळी फिरते घर हे आरोहणाचे एक साधनच ठरते. दोर आणि बूट यांच्या पंक्तीत त्याची गणना करावी लागते.

या चक्राला कायद्याचीही बाजू आहे. संघराज्याच्या भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर २८ दिवसांच्या कालावधीत १४ दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. योसेमिटी खोऱ्यात ऐन हंगामातील मुक्कामावर याहूनही कडक मर्यादा असते. त्यामुळे ज्या हालचालीचे वर्णन 'मनाला येईल तेव्हा निघणे' असे केले जाते, तिच्यात नियमाने भाग पाडलेल्या हालचालीचा वाटा बराच असतो. आरोहकांच्या लेखनात हा नियम बहुधा विनोदाचा विषय होऊन येतो. वनरक्षकाला चुकवून रात्र काढल्याचे किस्से त्यात असतात. या किस्सेवजा स्वराचा विचार पुढे करावयाचा आहे.

२. गाडी कोठून येते?

या कथनांची चिकित्सा करताना एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो : ही गाडी आली कोठून?

हॉनोल्ड यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडले, तेव्हा त्यांचे पहिले फिरते घर म्हणजे आईची मिनिव्हॅन होती. ज्या फोर्ड इकॉनोलाइन गाडीमुळे त्यांची राहणी प्रसिद्धीस आली, ती पुढे २००७ मध्ये घेतली गेली. डेव्हिस यांनी कायद्याचे शिक्षण अवघ्या काही दिवसांत सोडले आणि त्या आजीकडून मिळालेल्या जुन्या ओल्डस्मोबिलमध्ये राहू लागल्या. शुईनार्ड यांनी १९५७ मध्ये भंगारातून एक जुनी भट्टी विकत घेतली, लोहारकाम स्वतःच शिकून घेतले आणि कातळाच्या फटीत ठोकावयाच्या मेखा, म्हणजे 'पिटॉन', घडवून मोटारीच्या मागच्या भागातून त्या प्रत्येकी दीड डॉलरला विकल्या. पण ही भट्टी मांडली होती बरबँक येथील आईवडिलांच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्यात.

आईची गाडी, आजीची गाडी, आईवडिलांचे परस. एकट्याच्या स्वातंत्र्याची ही आख्याने अशा रीतीने कुटुंबाच्या ठेव्यावर उभी आहेत. लेखकांनी ही माहिती लपवलेली नाही. ती त्यांच्याच कथनांतून मिळते. मात्र ती उल्लेखाच्या पातळीवरच राहते. ज्या घराने गाडी दिली, त्या घराकडे कथन वळून पाहत नाही. या दृष्टीने हॉनोल्ड यांच्या मातोश्री डिअर्ड्रे वोलोनिक यांचे 'द शार्प एंड ऑफ लाइफ' (२०१९) हे आत्मकथन लक्षणीय ठरते. महाविद्यालयात फ्रेंच शिकवणाऱ्या या प्राध्यापिका वयाच्या साठीकडे झुकताना मुलाकडून आरोहण शिकल्या आणि २०१७ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, एल कॅपिटन चढून गेल्या. मुलाच्या कथनात जे घर निघून जाण्याचे ठिकाण आहे, ते आईच्या कथनात राबण्याचे, सांभाळण्याचे आणि फार उशिरा स्वतःसाठी बाहेर पडण्याचे ठिकाण होते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यास परतीच्या दाराआड कोण उभे असते, याचे उत्तर मिळते.

३. १९६८ चा प्रवास आणि शुईनार्ड यांचे कथन

फिरत्या घरातून केलेल्या आरोहणयात्रेचा आदर्श म्हणून १९६८ मधील प्रवासाचा उल्लेख वारंवार होतो. शुईनार्ड, डग टॉम्पकिन्स, डिक डॉरवर्थ आणि लिटो तेखादा-फ्लोरेस हे चौघे एका जुन्या फोर्ड इकॉनोलाइन गाडीतून कॅलिफोर्नियाहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाले. ख्रिस जोन्स हे पाचवे सहकारी वाटेत येऊन मिळाले. समुद्रकाठी लाटांवर स्वार व्हायचे, बर्फाच्या उतारांवर घसरायचे आणि अखेर अर्जेंटिना-चिली सीमेवरील फिट्झ रॉय हे शिखर चढायचे, असा सुमारे सहा महिन्यांचा बेत होता. वादळी हवेमुळे बर्फ खोदून केलेल्या गुहांत त्यांना एकूण ३१ दिवस काढावे लागले. २० डिसेंबर १९६८ रोजी त्यांनी नव्या मार्गाने शिखर गाठले. तेखादा-फ्लोरेस यांनी या मोहिमेवर 'माउंटन ऑफ स्टॉर्म्स' हा चित्रपट केला. १९७३ मध्ये शुईनार्ड यांनी स्थापलेल्या वस्त्रोद्योगाचे 'पॅटागोनिया' हे नाव आणि त्याच्या बोधचिन्हातील शिखररेषा या प्रवासाची आठवण जपून आहेत.

या प्रवासाच्या वर्णनांत जे फारसे येत नाही, तेही नोंदवणे आवश्यक आहे. टॉम्पकिन्स यांच्या पत्नी सूझी या काळात दोन लहान मुलींसह कॅलिफोर्नियात होत्या. पुढे 'एस्प्री' या नावाने जगभर पसरलेल्या वस्त्रव्यवसायाची सुरुवात त्यांनी जेन टाइस या मैत्रिणीसह याच सुमारास केली. गाडी दक्षिणेकडे जात असताना घर कोणीतरी चालवत होते. साहसकथेच्या चौकटीत मात्र घर चालवणे हे साहस मानले जात नाही.

असे असले तरी शुईनार्ड यांच्या ग्रंथाची बाजू केवळ उणिवांनी मोजणे अन्यायाचे होईल. स्वस्तात मिळालेले, डबे चेपलेले मांजरांसाठीचे मासे खाऊन दिवस काढल्याचे त्यांचे वर्णन आज दंतकथेसारखे झाले आहे. परंतु त्या राहणीतून त्यांच्या हाती आलेली दृष्टी दंतकथेपुरती राहिली नाही. कड्यांच्या सान्निध्यात महिनोन्महिने राहणाऱ्यालाच हे दिसू शकत होते की, पुनःपुन्हा ठोकलेल्या व उपसलेल्या पोलादी मेखांमुळे कातळाच्या फटी विद्रूप होत आहेत. १९७० च्या सुमारास मेखांची विक्री हा त्यांच्या व्यवसायाचा सुमारे ७० टक्के भाग होता. तरीही त्यांनी तो आवरता घेण्याचे ठरवले आणि हातोडीविना फटीत अडकवता येणारी व सहज काढून घेता येणारी साधने पुढे आणली. १९७२ च्या त्यांच्या सूचीपुस्तकात 'स्वच्छ आरोहणा'चा पुरस्कार करणारा डग रॉबिन्सन यांचा निबंध छापला गेला. सुट्टीपुरत्या येणाऱ्या पाहुण्याला कड्याची जखम दिसत नाही. मुक्कामी राहणाऱ्याला दिसते. फिरत्या घराच्या जीवनपद्धतीचे खरे समर्थन कोठे असेल तर ते येथे आहे. हॉनोल्ड यांनी २०१२ मध्ये सौरऊर्जेच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली, तिच्यामागेही थोडक्यात भागवण्याचा हाच संस्कार आढळतो.

४. अटक : किस्सा आणि कलंक

शुईनार्ड यांच्या ग्रंथातील एक प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. १९६२ मध्ये मालगाडीतून विनातिकीट प्रवास केल्याबद्दल त्यांना अॅरिझोनातील विन्स्लो येथे १८ दिवस तुरुंगात काढावे लागले. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना निरुद्देश भटकणे, अशा स्वरूपाचा आरोप त्यांच्यावर होता. यशस्वी उद्योजकाच्या आत्मकथनात हा प्रसंग मिश्कीलपणे येतो आणि वाचकही हसतो. पुढे काय घडले हे ठाऊक असल्यामुळेच हे हसणे शक्य होते.

भटकण्याविरुद्धचे हे कायदे मूळचे विनोदी नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सनव्हिल शहराचा असा एक नियम अतिसंदिग्ध म्हणून रद्दबातल ठरवला. वाहनात राहण्यास बंदी करणारा लॉस एंजेलिस शहराचा नियमही २०१४ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयात याच कारणाने टिकला नाही. उलट २८ जून २०२४ च्या ग्रँट्स पास खटल्यात, सार्वजनिक जागी तळ ठोकून झोपणाऱ्यांना दंड करणे हे राज्यघटनेने निषिद्ध मानलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तीच रात्र आणि रस्त्याच्या कडेला झोपलेला माणूस. तो कड्यावर जाणारा असेल तर वनरक्षक त्याला उठवून पुढे पाठवतो. दुसरा कोणी असेल तर त्याच्या नावावर दंडाची नोंद चढते. आरोहकांचे लेखन यांपैकी पहिल्याच रात्रीचे आहे.

योसेमिटी खोऱ्याच्या इतिहासात हा भेद अधिकच कठोर रूपात दिसतो. १९९७ च्या पुरानंतर कॅम्प ४ लगत नवी बांधकामे करण्याची योजना पुढे आली. टॉम फ्रॉस्ट आदी आरोहकांनी तिच्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि २००३ मध्ये, आरोहणाच्या विकासातील स्थानामुळे, या तळाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. तळ वाचला, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु या खोऱ्याचे मूळ रहिवासी असलेल्या अहवानीची लोकांवर १८५१ मध्ये सशस्त्र पथक चालून गेले होते, आणि त्यांच्या वंशजांची खोऱ्यातील अखेरची वस्ती १९६९ मध्ये पाडून जाळून टाकण्यात आली. ही वस्ती कॅम्प ४ च्या अगदी जवळ होती. काही आठवड्यांसाठी येणाऱ्यांचा तळ वारसा ठरला. शतकानुशतके राहणाऱ्यांची घरे मात्र उरली नाहीत. आरोहकांच्या मोकळ्या भूमीच्या वर्णनात ही शेजारची राख सहसा येत नाही.

मराठी वाचकाजवळ या ठिकाणी एक धारदार निकष तयार आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे जीवन आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) मध्ये जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या समाजाचे अनुभवविश्व आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकणे हाच संशयाचा आधार मानला. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. या आत्मकथनांत पाल उठवावे लागते, ते बहुधा इतरांच्या हुकमाने किंवा पोटासाठी. कथनाची सारी ओढ एका जागी स्थिर होण्याकडे, शाळेकडे, पत्त्याकडे आहे. अमेरिकन आरोहकांच्या कथनाची ओढ नेमकी उलट, पत्त्यापासून दूर जाण्याकडे आहे. यांतील एक ओढ खरी आणि दुसरी खोटी असे म्हणता येणार नाही. पण ज्याला पत्ता मिळालेला असतो, त्यालाच तो टाकून देता येतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

५. 'फ्री सोलो' : दाराचे दर्शन

'अलोन ऑन द वॉल' मध्ये रॉबर्ट्स यांचे तृतीयपुरुषी निवेदन आणि हॉनोल्ड यांचे प्रथमपुरुषी निवेदन आलटूनपालटून येते. या रचनेमुळे ग्रंथात एक निरोगी अंतर निर्माण होते : एक आवाज पराक्रमाची थोरवी सांगतो, दुसरा ती सावरून धरतो. तथापि गाडीतील राहणीचा विचार दोन्ही आवाज सोयीच्या अंगानेच करतात. तिचा अर्थ तपासला जातो तो जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासरहेली यांच्या 'फ्री सोलो' मध्ये. ३ जून २०१७ रोजी हॉनोल्ड यांनी दोराविना, एकट्याने, एल कॅपिटनचा 'फ्रीरायडर' हा मार्ग ३ तास ५६ मिनिटांत चढला. त्याचा हा माहितीपट असून त्याला २०१९ मध्ये ऑस्कर मिळाले.

या चित्रपटात गाडीची प्रतिमा दोन प्रसंगांमुळे पालटते. एका शाळेत मुले मिळकतीविषयी विचारतात, तेव्हा बऱ्यापैकी चालणाऱ्या दंतवैद्याइतकी आपली कमाई आहे, अशा आशयाचे उत्तर हॉनोल्ड सहजपणे देऊन टाकतात. गाडीतच भाजी शिजवून भांड्यातूनच ती उलथन्याने खाणारा हा माणूस गरीब नाही, हे प्रेक्षकाला एका वाक्यात कळते. दुसरा प्रसंग लास व्हेगास येथील घर घेण्याचा आहे. सहचारिणी सॅनी मॅककॅंडलेस यांच्यासह रिकाम्या खोल्या पाहिल्या जातात, शीतकपाटाची खरेदी होते. कड्यावरील एकेका पकडीचा बारकाईने विचार करणारा माणूस घराच्या खोलीत अवघडून उभा दिसतो. दिग्दर्शकांनी हे प्रसंग वगळले असते तर साहसाचा थरार कमी झाला नसता; ठेवले, म्हणून चित्रपटाला खोली आली. घर हे येथे साहसाचे विरोधी टोक न राहता दुसऱ्या माणसाची जबाबदारी घेण्याचे ठिकाण होते. कड्यावरून पडल्यास किंमत केवळ आरोहक मोजणार नाही, हा विचार शीतकपाटाच्या त्या क्षुल्लक खरेदीतून अधिक तीव्रतेने पोहोचतो.

६. 'नोमॅडलँड' : बंद झालेले दार

ब्रूडर यांचा ग्रंथ आरोहकांविषयी नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घरभाडे किंवा कर्जाचे हप्ते परवडेनासे झालेली, साठी-सत्तरीतील माणसे गाड्यांत राहू लागली आणि गोदामांत, बीटच्या हंगामात व शासकीय तळांवर तात्पुरती कामे करत फिरू लागली. त्यांचे हे वृत्तांकन आहे. त्यांच्याही वर्षाला ऋतुचक्र आहे, पण ते मजुरीच्या हंगामाने ठरते. ज्या तळावर आरोहक शुल्क देऊन उतरतो, तशाच तळांवर लिंडा मे ही ग्रंथाची वृद्ध नायिका शौचालये स्वच्छ करते. दोन्ही कथने अशी एकाच ठिकाणी भेटतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

ब्रूडर यांनी स्वतः काही काळ गाडीत राहून हे लेखन केले. आपल्याला परत जाण्यासाठी जागा आहे, याचे भान त्या सोडत नाहीत. या भटक्यांत गौरवर्णीयांचेच प्रमाण फार मोठे का, हा प्रश्नही त्या विचारतात. कारण कृष्णवर्णीय व्यक्तीने अनोळखी वस्तीत गाडी लावून झोपणे हे वेगळ्याच जोखमीचे असते. क्लोई झाओ यांच्या २०२० मधील चित्रपटाने या ग्रंथाला काव्यात्म रूप दिले आणि २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. परंतु विस्तीर्ण माळरानांच्या सौंदर्यात मजुरीचा प्रश्न काहीसा विरघळला. येथेही मुक्तीच्या जुन्या प्रतिमेची ओढ प्रबळ ठरली.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. प्रस्तरारोहकांचे फिरते घर ही हवामान, कातळ आणि मुक्कामाचे नियम यांतून घडलेली व्यवहार्य रचना आहे. तिला केवळ स्वातंत्र्याचे प्रतीक मानणे अपुरे आहे.

२. या स्वातंत्र्याचे भांडवल बहुधा कुटुंबाकडून, विशेषतः स्त्रियांकडून, आलेले असते. कथनांत त्याची नोंद असते, पण त्याचा विचार नसतो.

३. दीर्घ मुक्कामातून कड्याविषयी उत्पन्न झालेली जबाबदारीची जाणीव ही या जीवनपद्धतीची मोलाची देणगी आहे. 'स्वच्छ आरोहणा'ची चळवळ हे तिचे उदाहरण होय.

४. परतीचे दार दाखवणारे कथन अधिक सकस ठरते. त्यामुळे साहसाचे मोल घटत नाही. उलट कोणत्या गोष्टीचा त्याग झाला आणि कोणती सुरक्षित राहिली, हे कळून ते नेमके होते.

एल कॅपिटनवर दोर नाकारणाऱ्या आरोहकाचे धैर्य निर्विवाद आहे. परंतु दोर असूनही तो नाकारणे आणि मुळात दोरच नसणे, या दोन अवस्था भिन्न आहेत. कड्यावर हा भेद कोणाच्याही लक्षात येतो. चाकांवरच्या घराविषयी लिहिताना आणि वाचताना तो तितक्याच स्पष्टपणे लक्षात ठेवणे, एवढीच अपेक्षा या साहित्याच्या अभ्यासकाकडून करता येईल.